डब्यातला झेंडू

"मॅडम, करंट परत चढलाय," प्रतीक म्हणाला आणि मी हातातला चहा खाली ठेवला. दसरा नुकताच झाला होता. दुपारी पुलांवर सेन्सर बसवणाऱ्या कंपनीच्या बाई आमच्या कोलशेतच्या लॅबमध्ये येणार होत्या. त्यांना पटलं नाही तर प्रोजेक्ट बंद, असं साने सरांनी सांगून टाकलं होतं.

आमचं काम सोपं करून सांगते. दोन ऑक्साइड, म्हणजे चिनीमातीच्या जातीचे पदार्थ. एकेकटे वीज नेत नाहीत. पण एकावर दुसऱ्याचा पातळ थर चढवला, की दोघं जिथे भेटतात तिथून वीज वाहते. ही चिप जरा ताणली की करंट कमी होतो, ताण सुटला की वाढतो. त्यावरून पूल किती वाकला ते कळतं. चाचणीसाठी चिप एका पोलादी पट्टीवर चिकटवली होती. पट्टीचं एक टोक पक्कं, दुसरं मोकळं. उजेडाने रीडिंग बिघडतं, म्हणून सगळं बंद डब्यात.

पट्टीला कोणी हात लावत नव्हतं, तरी करंट आपला हळूहळू चढतोय. मी वायरी बदलल्या, मीटर बदलला, एसीला शिव्या घातल्या. सर सारखे येऊन "झालं का?" विचारत होते, त्याने डोकं आणखी फिरत होतं. बाई घोडबंदर रोडला अडकल्या म्हणून थोडा वेळ मिळाला. ट्रॅफिकचे आभार मी आयुष्यात तेव्हाच मानले.

शेवटी डबा उघडला. पट्टीच्या मोकळ्या टोकाला झेंडूचा छोटासा हार!

"प्रतीक!"

"खंडेनवमीला मीच घातलेला, मॅडम. सगळ्यांनी डब्यालाच हार घातले. मशीन तर आत आहे ना! त्याची पूजा नको?"

हाराच्या वजनाने पट्टी वाकली होती. फुलं सुकली, वजन घटलं, ताण कमी झाला, करंट चढला. चिप बिचारी इमानदारीत काम करत होती. हसावं की प्रतीकला धोपटावं, कळेना. तेवढ्यात सर बाईंना घेऊन आत आले. मी जे होतं ते सांगून टाकलं. सरांचा चेहरा पडला.

बाई ग्राफ बघत राहिल्या. "फूल सुकतंय, तेही कळतं याला?"

"कळतं."

"पण आमच्या पुलाला हार कोण घालणार?"

"उद्घाटनाला पुढारी येतीलच की," प्रतीक म्हणाला.

बाई खळखळून हसल्या आणि एका पुलावर ट्रायल घ्यायला तयार झाल्या. माझा जीव भांड्यात पडला. तेव्हापासून रीडिंग हललं, की मी मीटर तपासण्याआधी पूजा कोणी केली ते विचारते.