बँकॉकच्या साहेबाची न्याहारी

धुळ्यात माझ्या बियाण्यांच्या दुकानाशेजारी एका काकांचंही बियाण्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक येवो की पोलीस, ते आधी अहिराणीत जेवणाचं विचारत, "जेवनात का, भाऊ?"

नव्वदच्या दशकात एका बियाणे कंपनीने आम्हा दुकानदारांना बँकॉकची सहल दिली. तिथल्या विमानतळावर अधिकाऱ्याने त्यांचा पासपोर्ट उलटसुलट पाहिला आणि दरडावून काहीतरी विचारलं. यांनी हात तोंडाशी नेत आपलाच प्रश्न त्याला केला. त्याने नकळत नकारार्थी मान हलवली. लगेच पिशवीतली भाकरी आणि ठेचा काउंटरवर आला. आता आम्हाला परत पाठवणार, असं मला वाटलं. अधिकाऱ्याने घास खाल्ला, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्याने दुसरा तोडला आणि शिक्का मारला.

बाहेर येऊन, बिचाऱ्याला उपाशीच कामावर बसवलंय म्हणून ते हळहळले, "मानूस भला शे, पन उपाशी बसाडेल शे."