माटोळीतून उतरलेला कोळी

गेल्या चवथीला आरतीचं ताट माझ्या हातून पडलं. पडलं म्हणजे निसटलं नाही, मीच ते भिरकावलं. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटोळी टांगतात. लाकडी चौकट, आणि तिला रानातून, नारळी-पोफळीच्या कुळागरातून आणलेली फळं, पानं, सुपारीचे घोस बांधलेले. सगळं ताजं, आदल्या दिवसापर्यंत झाडावर असलेलं. त्यातल्या आंबाड्यांच्या घोसामागून एक लांब पाय बाहेर आला, मग दुसरा, आणि मग अख्खा कोळी धाग्यावरून सरसर माझ्या नाकासमोर उतरला. मी अशी किंचाळले की झांजा बंद पडल्या. निरांजन एकीकडे, पेटता कापूर दुसरीकडे. नवऱ्याने ओलं फडकं टाकून तो विझवला.

सासूबाईंनी नवी वात केली, ताट पुसलं आणि म्हणाल्या, "जालें, जालें. देव रागार जायना." देवाचं ठीक होतं. माझा जीव वेगळ्याच गोष्टीने खालीवर होत होता. माझी मुलगी तेव्हा नुकती बालवाडीत जायला लागली होती. आरतीला ती माझ्या निऱ्या धरून उभी होती. कोळी तिनेही पाहिला होता, पण त्याला बघून ती ओरडली नाही. तिने आधी मान वर करून माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग ओरडली.

त्या दिवसापासून तिने गणपतीच्या खोलीत पाऊल टाकणं सोडलं. गणपती विसर्जनाला गेला, माटोळी उतरली, तरी नाही. ती खोली आमच्या घराच्या मधोमध आहे. स्वयंपाकघरातून झोपायच्या खोलीत जायचं तर ही बया मागच्या दाराने अंगणात उतरायची आणि घराला वळसा घालून पुढून आत यायची. पावसात डोक्यावर सूप धरून. घरातले हसायचे. मला हसू यायचं नाही.

एकदा तिला आंघोळीला पाठवलं आणि दाराआडून बघत राहिले. तिने बालदीत डोकावलं. पाट उलटा करून पाहिला. टॉवेल झटकला, पुन्हा झटकला, मग कोपऱ्याने अंगाला लावून पाहिला. हे सगळं माझं होतं. त्याच क्रमाने, त्याच घाईने, कपाळाला तशीच आठी घालून. मी फोंड्याला फ्लॅटमध्ये वाढलेली, लग्न होऊन सर्वण गावच्या या कौलारू घरात आल्यापासून रोज हेच करत होते आणि कुणाला दिसत नाही असं समजत होते. पोरीला माझं नाक आलं नाही, रंग आला नाही, आलं ते हे. मला स्वतःचा भयंकर राग आला.

मी मुळात एका जागी टिकणारी बाई नाही. काही खुपलं की त्याच दिवशी निकाल लागला पाहिजे. नवऱ्याला डिचोलीला पिटाळलं, फवाऱ्याचा डबा आणवला आणि घरभर मारला. त्याचा परिणाम असा झाला की एरवी कौलांत, वाशांच्या फटींत गुपचूप राहणारे कोळी झिंगत झिंगत बाहेर आले आणि जमिनीवर पाय दुमडून पडू लागले. मुलगी जी कदेलवर, म्हणजे खुर्चीवर, चढली ती उतरेचना. मी तिच्या शेजारच्या कदेलवर. सासूबाई खाली, हातात केरसुणी. "दोगांय राणयो बसल्यात सिंहासनार," म्हणाल्या आणि झाडायला लागल्या.

कोळ्यांचे फोटो काढायची सुरुवात कौतुकाने झाली नाही, तक्रारीने झाली. तळहाताएवढा एक तपकिरी कोळी न्हाणीच्या भिंतीवर चपटा होऊन बसला होता. नवरा कामावर. हा पळाला तर संध्याकाळी "खंय आसा? म्हाका दिसना," असं म्हणून मोकळा होईल, म्हणून पुरावा हवा होता. दारातूनच मोबाईल लांब करून फोटो काढला आणि स्वयंपाकघरात येऊन मोठा करून बघितला.

आणि बघतच राहिले. फोटोतला कोळी पळत नाही. माझ्या अंगावर येत नाही. मी चहाचा कोप हातात धरून, भिंतीला टेकून, आयुष्यात पहिल्यांदा कोळ्याकडे हवं तितकं बघू शकत होते. त्याला, म्हणजे तिला, पोटाखाली एक पांढरी चपटी वडी होती. कापसाच्या टिकलीसारखी. ती तिने पुढच्या पायांनी घट्ट आवळून धरली होती. अंडी असणार हे कळायला शहाणपण लागत नव्हतं. मी न्हाणीच्या दारात पुन्हा गेले. ती तिथेच होती. हलली नव्हती. तिलाही जायला दुसरी जागा नसावी.

मग मला नाद लागला. नाद म्हणजे काय, तगमगच. ऑनलाइन एक भिंग मागवलं, मोबाईलला चिमट्याने लावायचं. ते आलं तेव्हा कळलं की भिंग स्वस्त होतं, अट महाग होती. कोळ्यापासून चार बोटांवर मोबाईल नेला तरच चित्र नीट दिसायचं, एरवी नुसता धूर. चार बोटं! मी चार हातांवरून पळणारी.

पहिले कितीतरी फोटो म्हणजे हललेल्या भिंतींचे फोटो आहेत. जनेलावर, म्हणजे खिडकीवर, उड्या मारणारा एक बारका कोळी असायचा, माशीएवढाच. त्याच्यापासून सुरुवात केली, कारण तो आला अंगावर तरी एवढासाच येणार. कदेलच्या पाठीवर कोपर टेकायचं, श्वास सोडायचा, तो पुन्हा घ्यायच्या आधी बोट दाबायचं. त्याने गर्रकन वळून पुढच्या दोन मोठ्या काळ्या डोळ्यांनी थेट माझ्याकडे बघितलं तेव्हा मोबाईल जनेलाबाहेर अबोलीच्या वाफ्यात गेला. तो उचलून आणला आणि पुन्हा कोपर टेकलं. भाजी करपली त्या दिवशी. सासूबाईंनी ती सगळ्यांना वाढली, पण माझ्याच पानात जास्त.

हळूहळू घर वेगळं दिसायला लागलं. न्हाणीच्या कोपऱ्यातला लांब पायांचा कोळी जाळ्याला धक्का लागला की स्वतःला इतका गदागदा हलवतो की दिसेनासा होतो. तो मला घाबरवत नव्हता, तोच घाबरला होता. हे कळल्यावर माझ्या काळजाचे ठोके कमी झाले असं मात्र नाही. लोक सांगतात की ओळख झाली की भीती जाते. माझी नाही गेली. मी रोज त्या कोपऱ्यासमोर उभी राहायचे, रोज तळवे ओले व्हायचे. फरक एवढाच पडला की भीती वाटत असताना मी उभी राहू लागले.

पण मुलीला मी हे सांगितलं नाही. मला घाई होती. पुढची चवथ यायच्या आत तिला त्या खोलीत उभी करायचीच होती. मी तिला फोटो दाखवायला लागले. आधी ती माझ्या पाठीमागून बघायची, मग खांद्यावरून, मग मांडीवर बसून. अंडीवालीचा फोटो तिला फार आवडायचा. "ही भुरगीं घेवन भोंवता?" पोरं घेऊन हिंडते का, असं ती रोज विचारायची आणि रोज मी हो म्हणायचे. एकदा फोटोवरून बोट फिरवता फिरवता तिने मला भीती वाटत नाही का ते विचारलं, "आई, तुका भंय दिसना?"

"ना गो," मी म्हटलं. "कसलें भंय?"

ती पुन्हा फोटोवर बोट फिरवू लागली. काही दिवसांनी न्हाणीत एकटी जायला निघाली. मी विचारलं, "येऊ मी?" तर मान उडवून म्हणाली, "नाका. म्हाका भंय दिसना." माझा जीव भांड्यात पडला. नवऱ्याला सांगितलं, माहेरी फोन करून सांगितलं, माझ्या ऑफिसातही सांगितलं. अंगणातला वळसाही थांबला. गणपतीच्या खोलीतून ती आता जायची. धावत, ओठ मिटून, पण जायची. त्या मिटलेल्या ओठांकडे मी नीट बघितलंच नाही. मला निकाल हवा होता, आणि तो लागला होता.

या वर्षी चवथीच्या आधी सासूबाईंनी जळमटं काढायची लांब काठी बाहेर काढली. न्हाणीतला कोपरा तेवढा सोडा म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता ऐकवतात. "तुजो इश्ट न्हय तो?" एवढंच म्हणाल्या आणि माझ्या त्या दोस्ताचा कोपरा सोडला. माटोळीचं सामान आलं तेव्हा मी एकेक घोस अंगणात नेऊन झटकला. नवरा चिडवत म्हणाला, "उरिल्लें रान पळय, थंयय झाडून यो." झटकलं तरी मला चैन नव्हतं. आरतीची वेळ होईपर्यंत मी दहा कामं काढली आणि एकही पुरं केलं नाही.

आरतीला सगळे उभे राहिले. ताट मीच घेतलं. नवरा घेतो म्हणाला होता, मी दिलं नाही. मुलगी माझ्या बाजूला, निऱ्या धरून. वर्षभराने ती माटोळीखाली उभी होती, आणि मला तेवढ्याने भरून आलं होतं.

झांजा चढत गेल्या आणि तो आलाच. हिरवट, बारीक पायांचा, कांगल्यांच्या लाल फळांमधून सुटून धाग्यावरून खाली खाली. निरांजनाची ऊब लागली तसा ताटाच्या वर वीतभर थांबला आणि तिथेच झुलू लागला. मी ओरडले नाही. दात आवळले. मनात म्हटलं, चेहरा सरळ ठेव, ती बघते आहे.

खाली पाहिलं तर ती कोळ्याकडे बघतच नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. गेल्या वर्षीसारखीच, मान वर करून. ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांत पाणी, आणि चेहरा अगदी सरळ. माझ्याच चेहऱ्यासारखा सरळ. तेव्हा मला कळलं की न्हाणीत ती कशी जात होती. आधी मी तिला भ्यायला शिकवलं, आणि मग वर्षभर खपून ते लपवायला शिकवलं. तिची भीती गेली नव्हती, फक्त आता ती त्या भीतीबरोबर एकटी होती.

ताट थरथरत होतं. वारा नव्हता, तरी ज्योत हलत होती. ते तिने पाहिलं. पदर ओढून मला खाली वाकवलं आणि झांजांच्या गोंगाटात कानाशी तोंड आणून म्हणाली, "आई, तुका भंय दिसता."

विचारलं नाही, सांगितलं. माझ्या तोंडात 'ना गो' तयार होतं.

"हय," मी म्हटलं. "खूब."

तिचे ओठ सुटले. मोठा श्वास टाकला तिने, कुणी पाठीवरचं दप्तर काढून घ्यावं तसा. "म्हाकाय," म्हणाली, आणि रडायलाच लागली. रडत रडत तिने निऱ्या सोडल्या, टाचा उंचावल्या आणि ताटाची दुसरी कड धरली. मी ताट तिच्या उंचीला आणलं. आम्ही दोघी मिळून ते ओवाळू लागलो, वाकडंतिकडं, थरथरत. कोळी जरा वेळ झुलला आणि आपला धागा गुंडाळत परत वर गेला. आम्ही दोघींनी त्याला जाताना पाहिलं.

माझ्या मोबाईलमध्ये आता घरातल्या बहुतेक सगळ्या कोळ्यांचे फोटो आहेत. त्याचा नाही. आमचे चारही हात ताटाला होते.