मिठाच्या साहेबाचा बंगला आणि माझा मंडप

लग्नात मंडपवाला जेवतो शेवटच्या पंगतीला. आचारी, वाढपी, सनईवाले सगळे तिथेच. यजमान दमून कुठेतरी पाठ टेकतात आणि इथे तोंडं सुटतात. माझ्याकडचे बहुतेक किस्से असे ताटावरच जमले. त्यातले जे माझ्यावरचेच आहेत, ते मात्र मलाच सांगावे लागतात.

वाशीत तेव्हा नुकत्याच बिल्डिंगी उठत होत्या. हॉल एकही नाही. लग्न म्हटलं की मोकळा प्लॉट आणि राणेंचा मंडप, म्हणजे माझा. मग ऐंशीच्या सुमारास बेलापूरच्या बाजूचा, खाडीवरचा एक जुना दगडी बंगला गावकऱ्यांनी दुरुस्त केला आणि लग्नकार्याला द्यायला सुरुवात केली. इंग्रजांच्या काळात मिठागरांवरचा साहेब तिथे राहायचा. उंच छत, रुंद व्हरांडा, खाडीचा वारा. देखभालीला गावातलाच हिराजी. माणूस भला, त्यामुळे त्याचा राग करणंही जड जायचं. मग मी बंगल्यावरच जळायचो. लोक शेजाऱ्यावर जळतात, भावावर जळतात. मी भिंतींवर जळत होतो.

* * *

बंगल्याकडे पहिले गेले सबनीस. बँकेत होते. मंडप माझ्याकडे ठरवून गेले आणि आठवड्याने ओशाळं तोंड करून परत आले. व्याह्यांना त्यांनी सांगून टाकलं होतं, की लग्न राजवाड्यात आहे.

मी म्हटलं, "अहो, मिठाचा साहेब राहायचा तिथे. राजा नव्हे."

"बरोबर आहे," सबनीस म्हणाले, "पण तुमच्या मंडपात तेवढंही कोणी राहिलेलं नाही."

* * *

मग दत्तूभाऊ. माझ्या प्रत्येक मंडपामागे उघड्यावर, धुळीत चूल मांडणारा आचारी. तोही बंगल्यावर जातो हे कळलं, तेव्हा मी दोन महिने त्याच्याशी बोललो नाही. शेवटी राहवेना. रस्त्यात गाठून विचारलं, तिथे असं काय आहे. वाटलं, माझ्या तोंडावर तरी कौतुक करायला कचरेल. त्यानं ओट्यापासून धुराड्यापर्यंत सगळं रंगवून सांगितलं आणि वर म्हणाला, "राणे, इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या आमटीत फक्त आमटी असते."

* * *

त्यानंतर मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. मी उठवून दिलं, की बंगल्यात पंगत बसली की तो गोरा साहेब व्हरांड्यात येऊन बसतो. वाटलं, लोक घाबरतील.

महिनाभरात हिराजी माझ्या गोदामात हजर. मी मनात जबाब तयार करून ठेवला.

तो म्हणाला, "पावनं सारखं इचारतात, सायब कुठं बसतो. तुज्याकडं एखादी जुनी खुर्ची हाय का?"

बंगल्याला आता आधीपेक्षा जास्त मागणी होती. खुर्ची मीच दिली. वेताची, हातांची.

* * *

शेवटी आमच्या शुभाचं लग्न ठरलं. तिनं आईकरवी निरोप पाठवला, लग्न बंगल्यातच करायचं. त्या दिवशी मी जेवलो नाही. बायको म्हणाली, हट्ट पोरीचा नाही, तुमचा आहे. संध्याकाळी शुभा स्वतः येऊन शेजारी बसली.

"बाबा, प्रत्येक लग्नात तुम्ही बांबूवर चढलेले असता," ती म्हणाली. "माझ्या लग्नात तुम्ही खाली असावं, एवढंच."

दुसऱ्या दिवशी हिराजीकडे तारीख घ्यायला गेलो. मला वाटत होतं, तो निदान हसेल तरी. त्यानं वहीत नाव लिहिलं आणि चहा मागवला.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मी घरात न सांगता टेम्पो भरला आणि बंगल्यावर गेलो. दिवाणखान्यात वाळूच्या डब्यांत चार बांबू उभे केले. शिडी लावली. त्या उंच लाकडी छताखाली माझं लाल-पिवळं कापडी छत बांधायला घेतलं. झालरसुद्धा लावली.

हिराजी किल्ल्या घेऊन दारात आला. त्यानं मान वर करून छत बघितलं. मी शिडीवरून खाली बघितलं नाही.

"डावीकडं कापडाला झोल हाय," तो म्हणाला.