‘हे कोण बोलतंय?’ असे विचारणाऱ्या शालिनीताई

मंगळवार होता. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे झाली होती आणि मी काम मागायला आलेला, साकीनाक्याच्या एका गाळ्याच्या दारात, चपला काढाव्यात की घालूनच आत जावे, या विचारात उभा होतो. आत उघडे सर्व्हर ओळीने मांडले होते. त्यांच्या पंख्यांची एकसुरी घुमघुम, छताच्या पत्र्यातून उतरलेली उन्हाची पट्टी आणि तिच्यात सावकाश तरंगणारी धूळ. आपण पाण्याखाली आलो आहोत, असे मला क्षणभर वाटले. त्या उजेडात कपाळावर चष्मा सरकवून शालिनीताई साळवे बसल्या होत्या.

“चपला राहू दे, खाली स्क्रू पडलेत,” त्या म्हणाल्या. “शिक्षण?”

“दहावी नापास, ताई. गणित राहिलंय.”

“बरं. त्या स्क्रीनवर काय आलंय ते कागदावर उतरव.”

इंग्रजीतल्या चार ओळी होत्या. अर्थ कळत नव्हता. मी त्या टिंबांसकट उतरवल्या आणि भीतीपोटी तीनदा ताडून पाहिल्या. ताईंनी कागद स्क्रीनशेजारी धरला.

“एक अक्षर खाल्लं नाहीस. इथे डिग्रीवाले फोन करतात, ‘ताई, लाल काहीतरी आलंय!’ लाल काय रे, टोमॅटो? उद्यापासून ये.”

माझ्या ज्या सवयीला घरी ‘कीस काढणे’ म्हणत, ती कुणाच्या तरी उपयोगाची आहे, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

ताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकाच्या वाचकांत ताईंचे नातेवाईक आहेत, विहारातल्या मैत्रिणी आहेत. म्हणून त्यांच्या सर्व्हर-दुरुस्तीच्या कामाविषयी थोडे सांगतो. सर्व्हरमध्ये एकच मजकूर दोन डिस्कवर ठेवतात, म्हणजे एक डिस्क गेली तरी दुसरी राहते. ही जोडी सांभाळण्याचे काम कधी सर्व्हरमधले एक कार्ड करते, तर कधी आतली लिनक्स प्रणाली. कार्ड असूनही काम प्रणालीकडे दिलेले असेल, तर सर्व्हर सुरू होताना कार्ड कुरकुरते, ‘माझ्याकडे एकही जोडी नाही, बनवू का?’ घाबरलेला माणूस ‘हो’ म्हणतो, डिस्क पुसल्या जातात आणि वाट लागते.

म्हणून ताईंचा दंडक आहे. इशारा जसाच्या तसा लिहायचा. त्याखाली लिहायचे, ‘हे कोण बोलतंय?’ त्याचे उत्तर, म्हणजे कार्ड की प्रणाली, लिहिल्याशिवाय कीबोर्डला बोट लावायचे नाही. “कार्ड खोटं बोलत नाही,” त्या सांगतात, “त्याला ठाऊक नसतं एवढंच. नवा वॉचमन सोसायटीतल्या जुन्या माणसालाच अडवतो ना, तसं.”

हा दंडक मी एकदाच मोडला. मुलुंडला अंध वाचकांसाठी पुस्तके ध्वनिमुद्रित करणारी एक छोटी संस्था आहे. तिचा जुना सर्व्हर बंद पडला, तेव्हा त्यातल्या दोन डिस्क दुसऱ्या सर्व्हरमध्ये बसवायला मी एकटा गेलो होतो. त्या दोन डिस्कवर सगळी पुस्तके होती. पुस्तकांना आवाज देणाऱ्यांपैकी काही जण आता हयात नव्हते आणि त्यांच्या आवाजाची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

नवा सर्व्हर सुरू केला आणि कार्डाने विचारले, ‘परकी मांडणी सापडली, स्वीकारू का?’ डिस्कवर फार पूर्वीच्या कुठल्याशा कार्डाची खूण उरली होती; जोडी मात्र आता प्रणाली सांभाळत होती. मी इशारा लिहिला, प्रश्न लिहिला. मागून संस्थेचे व्यवस्थापक परबकाका म्हणाले, “बाबा, बेगीन कर रे. दुपारी माणसां येतली.” मी उत्तर न लिहिताच ‘हो’ केले.

दोन्ही डिस्क प्रणालीला दिसेनाशा झाल्या. कार्डाने पुढचा प्रश्न टाकला, ‘डिस्क कोऱ्या करून सुरुवात करू का?’ मी ताईंना फोन लावला.

“काय विचारतंय? वाच.”

मी वाचले.

“हात काढ. खुर्ची मागे घे.”

“बंद करू का, ताई?”

“काही करू नकोस रे. नुसता बस. परबांना म्हणावं चहा सांगा, मी येते.”

ताई येईपर्यंतचा वेळ मला अजून स्वप्नात दिसतो. रिकामी ध्वनिमुद्रणाची खोली, भिंतींवरचा राखाडी फोम आणि कुठलाच आवाज नाही.

ताई आल्या, पाणी प्यायल्या, माझा कागद वाचला. मग कार्डाने मानलेली जोडी त्यांनी डिस्कवरच्या मजकुराला धक्का न लावता मोडली आणि ‘डिस्क जशा आहेत तशा पुढे दे’ एवढेच काम कार्डाला ठेवले. प्रणालीला त्या डिस्क फक्त वाचायला दिल्या, लिहायला नाही. थोड्या वेळाने स्पीकरमधून एका बाईंचा आवाज आला, “पान बेचाळीस.” मग एक खोकला, मग धडा. परबकाका खुर्चीत बसले. “ह्यो जोशीबाईंचो खोकलो,” ते म्हणाले. त्या बाई दोन वर्षांपूर्वी वारल्या होत्या.

डोळे पुसून त्यांनी विचारले, “कोणाच्या हातान झाला ह्या?”

“आमच्या,” ताई म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. दुसरी प्रत काढायला त्यांनी लगेच सुरुवात केली.

परतताना रिक्षात मी म्हणालो, “घाई झाली, ताई.”

“घाई परबांची होती. तू कशाला घेतलीस?”

एवढाच काय तो ओरडा. पुढच्या आठवड्यात मुलुंडला त्यांनी मला पुन्हा एकट्यालाच पाठवले.

मुलुंडच्या सर्व्हरमधले कार्ड आजही सुरू होताना कुरकुरते. सर्व्हरवर माझ्या अक्षरात चिठ्ठी आहे: ‘हे कार्ड बोलते आहे. त्याला जोडीची माहिती नाही. काहीही न दाबता थांबा.’

जोशीबाईंचा आवाज ऐकला त्या दिवसापासून ताई शनिवारी मुलुंडला जाऊन स्वतः पुस्तके वाचतात. स्वल्पविरामाला पुरेपूर थांबतात. एका कादंबरीत मध्येच त्यांचा वैतागलेला आवाज आहे, “हे काय लिहिलंय रे याने!” ते वाक्य कापायला परबकाकांनी साफ नकार दिला. ऐकणाऱ्यांना तेच आवडते म्हणे.

ताई साठ वर्षांच्या झाल्या. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे. गाळ्याचा जिना आता थांबत थांबत चढतात. त्यांची नजर स्वच्छ राहो, गुडघे साथ देवोत, घसा बसू नये. मुलुंडच्या त्या डिस्कवर अजून बरीच जागा शिल्लक आहे. ती ताईंच्या आवाजाने भरून जावो, आणि नव्या मोठ्या डिस्क बसवायला त्यांनी मला पुन्हा पुन्हा पाठवावे.