व्हिसावरचा वेल्डर

आखातात, अस्करच्या कारखान्याकडे जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तो रोज माझ्या शेजारी बसायचा. व्हिसावर तो वेल्डर होता, पण त्याला चिपळूणहून आणलं होतं ते शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, कंपनीच्या संघातून क्रिकेट खेळायला. पाच वर्षांत त्याने तीन कंपन्या बदलल्या आणि तो कागदावर आधी प्लंबर, मग सुतार, मग वेल्डर झाला. "पान्याला कधी हात लावला नाय हां!" असं अभिमानाने सांगायचा.

यंदा फायनलमध्ये त्याच्या हातून सोपा झेल सुटला. रविवारी मॅनेजर म्हणाला, "क्रिकेट खलास. आजपासून वेल्डिंगला जा."

आठवड्याने त्याने मला भाजलेली बोटं दाखवली.

"खेळत होतो तेव्हा सगळे वेल्डरसाहेब म्हणायचे," तो म्हणाला. "आता खरंच वेल्डिंग करतो, तर हेल्पर म्हणतात."