दोन नावांची एक बाई

नातवाला मांडीवर घेण्याच्या वयात मी वकिली शिकायला निघाले. सासरी औरादमध्ये सगळ्यांनी थट्टा केली. पण विधवा जावेच्या दाव्यापायी कोर्टाच्या खेपा घालतानाच मी ठरवलं होतं, हे आपण शिकायचंच. गुलबर्ग्याच्या कॉलेजात नंबरही लागला. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी मात्र घोडं अडलं. लग्नाआधीच्या बी.ए.च्या मार्कमेमोवर मी चंद्रकला, आधारवर सुनीता. लग्नात नाव बदलणं आमच्याकडे इतकं अंगवळणी पडलेलं, की ते कुठं कळवायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. कारकून म्हणाले, प्रतिज्ञापत्र आणा. नोटरी म्हणाले, दोन्ही नावांनी ओळखणारं माणूस आणा. या परक्या शहरात मला एका नावानंसुद्धा कुणी ओळखत नव्हतं.

शेजारी दत्ताचं देऊळ होतं. खरं सांगते, मी प्रार्थना केली नाही, भांडलेच. पुजाऱ्यांनी अर्चनेसाठी नाव विचारलं. "चंद्रकला म्हणा, सुनीता म्हणा, देवाला पटेल ते म्हणा," म्हटलं आणि मला रडूच फुटलं.

"कमठाण्याची चंद्रकला न्हवं का तू? कामून रडायलीस?"

मागं पिशवी घेतलेल्या म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या. माहेरी आमच्याच गल्लीतल्या शांताक्का, आता लेकाकडं गुलबर्ग्याला राहणाऱ्या. माझं सगळं ऐकून म्हणाल्या, "तुझ्या मालकानं तांदळात नवं नाव लिहिलं, तवा ताट मीच धरलं होतं की! चल, उठ."

नोटरीकडं ही रांग. अक्का उभ्या राहिल्या, सही केली, कॉलेजपर्यंत आल्या आणि पावती माझ्या हातात पडेपर्यंत हलल्या नाहीत. मग मी जेवायला चला म्हणून आग्रह केला, तेव्हा त्यांनी पिशवी छातीशी धरली. "न्हाई गं. आमचे मालक दवाखान्यात हायत. त्यांचा डबा न्यायचा हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मीही सोबत गेले. कॉटवरचे काका पार वाळले होते, डबा केव्हाच गार झालेला. अक्कांनी मधेच त्यांना फोनवर सांगितलं असावं. पहिला घास हातात धरून काकांनी मला विचारलं, "झाली का ॲडमिशन, पोरी?"

चमत्कार की योगायोग, या वादात मला पडायचं नाही. माझ्या हातात काहीच उरलं नाही तेव्हा दत्त अक्कांच्या रूपानं आला, आणि आपल्या उपाशी माणसाला थांबायला लावून आला. तेव्हापासून दत्तगुरूंपुढं बसले की आधी त्या दोघांसाठी हात जोडते. माझं काय ते त्याला ठाऊक आहे.