जावयाले कोन हरवते?

आमचा जावई आल्हाद लोणारले जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. तोंडावर मी त्याले 'जावईबापू, तुमी' म्हणतो अन् मागून 'तो' म्हणतो. सगळे सासरे असंच करतात, मलेच नावं ठेवू नका. माणूस असा, का दोन शब्द बोलायचे असले तं एक खिशात ठेवते. आमच्या गार्गीनं त्याले पसंत केलं तवा मी बायकोले, स्नेहलताले, म्हणलं होतं, "अवं, हा बोलत नाही, भांडत नाही, भाजीत मीठ कमी असलं तं मागत नाही. याचं जगात कसं व्हावं?" मी मेहकरले तहसीलीत तेहतीस वर्षं कारकुनी केली. माणूस दारातून आत आला का ओळखतो म्हणून फुशारकी मारत होतो. याले मात्र नाही ओळखलं, हे आधीच सांगून टाकतो.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत तो आला तं काखेत हे एवढं खोकं. मले वाटलं मिठाई. उघडलं तं आत पुठ्ठ्याचा पट, लाकडी सोंगट्या अन् शंभरेक पत्ते.

"हे मी दोन वर्षांपूर्वी घेतलं मामाजी," तो म्हणला. "काल आलं."

"दोन वर्षं कुठं अडकलं होतं?"

"अडकलं नव्हतं. तवा ते बनलंच नव्हतं."

मंग त्यानं समजावून सांगतलं. जगात कुठंतरी कोणाले एक खेळ सुचते. तो त्याची चित्रं अन् नियम इंटरनेटवर मांडते अन् म्हणते, ज्याले पाहिजे त्यानं आधी पैसे भरा. पुरेसे लोक जमले तं खेळ बनते, नाही तं पैसे वापस. अन् लोक भरतात! मी थंडच पडलो. आमच्याकडं माणूस बैलाचे दात पाहिल्याबिगर इसार देत नाही, अन् हे लोक न जन्मलेल्या वासरासाठी दोन दोन वर्षं गोठ्यापुढं उभे!

त्या दिवशी तो पहिल्यांदा भडाभडा बोलला. म्हणे, येत्या वर्षी तीन खेळ येऊन राह्यले, लय वाट पाहण्यासारखे. एकात म्हणे मधमाश्यांच्या पेट्या घेऊन फुलांच्या मागं गावोगाव हिंडायचं. एकात जुन्या शहराच्या छपरावरचं पाणी वाटून घ्यायचं. अन् तिसऱ्यात सगळे खेळणारे दीपगृहाचे राखणदार, कोणी तोंडातून शब्द काढायचा नाही, नुसते दिवे लावायचे. सगळी जहाजं काठाले लागली तं सगळेच जिंकले.

"सगळेच जिंकले तं हरते कोन?"

"कोनीच नाही."

"मंग त्याले खेळ काऊन म्हणता जावईबापू?"

तो हसला. हा मुका पोरगा असा हसते, हे मले माहीतच नव्हतं.

पुढं दोन वर्षांनी त्यानं स्वतःच एक खेळ बनवला. नाव 'सांजभाव'. आपल्या आठवडी बाजाराचाच खेळ. प्रत्येकापुढं भाजीचे पत्ते, मधात पटावर गिऱ्हाइकं. सकाळी भाव चढा, दुपारी मऊ, संध्याकाळी पडेल, अन् न विकलेली मेथी-पालक दर फेरीले सुकत जाते. कोणाले घाई असली तं सगळा माल व्यापाऱ्याले एकदम ठोकात द्यायचीही मुभा, पण भाव कमी. असा खेळ पुन्हा पुन्हा खेळून पारखा लागते म्हणे. म्हणून तो अन् गार्गी एक रविवार आड लोणारच्या गाडीनं आमच्याकडं येत, अन् जेवण झालं का आम्ही चौघं पटाभोवती बसत.

आता खरी गोष्ट. पहिल्याच रविवारी स्नेहलतानं मले स्वैपाकघरात ओढलं अन् हुकूम सोडला, "हे पाहा, जावयाले हरवायचं नाही. आपल्या घरची ती रीत नाही." मी म्हणलं, मी काय लहान लेकरू आहे? मले समजते. गार्गीले काही सांगायची गरजच नव्हती, ती नवऱ्याचं तोंड पाहूनच पत्ता टाके. अन् मले खेळाची खोड दुसऱ्याच रविवारी दिसली होती. पहिल्या फेरीत माल ठोकात द्यावा अन् आरामात बसावं. बाकीचे सुकलेली मेथी घेऊन रडत बसतात. माझा हात वळवळायचा. पण एकदा मी पत्ता उचलला तं स्नेहलतानं चटईवरच पायाले असा चिमटा काढला, का निळं पडलं. मंग मी सगळा माल उन्हात वाळवत बसायचो अन् शेवटी म्हणायचो, "वा जावईबापू! आमची काय टाप!" असे बासष्ट डाव. बासष्टही त्यानंच जिंकले. आम्ही हे मायेनं केलं असं म्हणू का? नाही. रीत म्हणून केलं, अन् माझ्या मनात तं हेही होतं, का मास्तराले अजून कशात जिंकता येते, जिंकू दे इथं.

त्यानं खेळ इंटरनेटवर मांडला. मले वाटलं, घरचे चार अन् शाळेतले दोन. महिन्याभरात नऊशे चाळीस लोकाइनं पैसे भरले! मी चष्मा पुसून पुसून पाह्यलं. अन् कळस म्हणजे, पोलंडच्या कोणा माणसानं 'यंदा वाट पाहावी असे दहा खेळ' अशी यादी केली, तिच्यात आपला सातवा. मेहकरच्या बाजारातली मेथी, अन् वाट पोलंडचा माणूस पाहून राह्यला! मी गल्लीत चार घरी सांगून आलो. तवा मी 'आमचा जावई' म्हणलं, 'मास्तर' म्हणलं नाही. खेळाच्या इंटरनेटवरच्या पानावर आल्हादनं ठळक लिहिलं होतं: बासष्ट डाव खेळून पारखलेला.

छापखान्यात फाइल सोमवारी जायची होती. आधीच्या रविवारी बनाबाई भाजी घेऊन दारात आली. ती जानेफळची, तीस वर्षं बाजारात बसलेली. आल्हाद तिले म्हणला, "मावशी, हा तुमचाच खेळ आहे. एक डाव बसा."

बनाबाईनं टोपली खाली ठेवली, नियम ऐकले, अन् पहिल्याच फेरीत सगळे पत्ते उचलून ठोकात देऊन टाकले.

"अवो, भाव कमी भेटते मावशी," तो म्हणला.

"भेटू दे. उन्हात बसून जीव कोन वाळवते? विकलं, मोकळी झाली."

ती जिंकली. दुसरा डाव, तीच जिंकली. तिसऱ्यालेही तीच, अन् मधात तिनं आमच्या घरचा चहाही पिऊन घेतला. बाजारात बसली का बनाबाईले ना जावई दिसत ना सासरा. "खेळ बरा हाये," ती म्हणली, "पन यात डोकं काय लावा लागते बाप्पा?" अन् टोपली उचलून गेली.

आल्हादचं तोंड पांढरं फटक. तो पटाकडं पाहत बसला. "पहिल्या फेरीत ठोकात दिलं का खेळ संपते," तो हळू म्हणला. "खेळच उरत नाही. बासष्ट डावात हे कोणाच्याच ध्यानात कसं नाही आलं?"

स्नेहलता म्हणली, दूध उतू चाललं वाटते, अन् गेली आत. गॅसच पेटलेला नव्हता. गार्गी खाली पाहून राह्यली. राहिलो मी. अन् मी घाबरलो का चिडतो, ही माझी जुनी खोड.

"ध्यानात कसं नाही आलं म्हणजे? आलं होतं! पण जावयाले कोन हरवते?"

"म्हणजे?"

"म्हणजे आम्ही हरत होतो. मुद्दाम."

"किती डाव?"

"सगळे."

तो ओरडला असता तं बरं झालं असतं. मीही ओरडलो असतो, मिटलं असतं. तो गार्गीकडं वळला, "तूही?" तिच्या डोळ्यात पाणी आलं, तेच उत्तर. मंग तो एवढंच म्हणला, "मामाजी, मले वाटायचं, या घरात मी एका तरी गोष्टीत बरा आहे."

मी उठून बनाबाईची भाजी उगीच निवडायले घेतली.

त्यानं फाइल थांबवली. वरून तो म्हणे, पानावर खरं लिहितो. मी हादरलोच. "अहो, नऊशे चाळीस लोकाइले सांगता, का सासुरवाडीनं फसवलं? माझी इज्जत पोलंडपर्यंत नेता?" तो म्हणला, "लोकांनी न पाहता माझ्या शब्दावर भरवसा ठेवला. पारखलेला नाही तं पारखलेला कसा म्हणू?" अन् लिहिलं: बासष्ट डाव रद्द समजा, घरच्यांनी मायेनं मले जिंकू दिलं, ज्याले पैसे वापस पाहिजे त्यानं सांगा, खेळ सहा महिने उशिरा येईल. 'मायेनं' हा शब्द वाचून मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. सत्तर-ऐंशी लोकांनी पैसे वापस मागितले. बाकीचे थांबले. पोलंडवाल्यानं लिहिलं, थांबतो, सासऱ्यांले नमस्कार सांगा. हे वाचून तं मले घाम फुटला.

मंग त्यानं नियम बदलले. व्यापारी आता एकदम सगळा माल घेत नाही, अन् कोणाचा आधी घ्यावा यासाठी बोली लागते. पुन्हा रविवार सुरू झाले. बनाबाई यायची, तिच्यासंगं शेजारचे वामनराव, अन् सगळ्याइले ताकीद, का खरं खेळा. मी तं असा खेळलो जसा बापजन्मात खेळलो नाही. एकदा आल्हादले हरवलं अन् उड्या मारायचा बाकी राह्यलो. स्नेहलता म्हणली, लाज वाटू द्या. मी म्हणलं, लाज वाटली म्हणूनच तं हे रामायण झालं.

मागच्या रविवारी मी अन् आल्हाद दोघंच पटापुढं होतो, गार्गी पारखलेल्या डावांच्या वहीत गुण मांडत होती. सवा तास डाव चालला. मी बोलीत त्याले दोनदा कोंडीत धरलं. त्यानं दोन्ही वेळा वाट काढली, अन् शेवटच्या फेरीत मी जपून ठेवलेलं गिऱ्हाईक अलगद ओढून नेलं. जीव तोडून खेळलो अन् हरलो. काय खेळला पोरगा! मी मांडीवर थाप मारून ओरडलो, "वा जावईबापू! मानलं तुमाले!"

त्यानं माझ्याकडं पाह्यलं. "मामाजी, मुद्दाम तं नाही ना?"

"अहो नाही! देवाशपथ! गार्गीची शपथ! मी खरंच हरलो!"

"हो मामाजी," तो म्हणला. लय आदरानं म्हणला. मंग सोंगट्या गोळा करता करता हळूच गार्गीले म्हणला, "हा डाव धरू नको."